लोखंडी खुर्ची स्वतः बनवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वेल्डिंगच्या शेडवर चौकशीला येणाऱ्यांत गेट-ग्रिलवाले एक आणि 'मला स्वतः खुर्ची करायची आहे' म्हणणारे दुसरे. दुसऱ्या मंडळींचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. खाली सगळीकडे एकच खुर्ची डोळ्यांपुढे धरली आहे: चार पायांची, बिनहाताची, जेवणाच्या टेबलाशी किंवा अभ्यासाला वापरायची. चौकट गोल एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पाइपची, बैठक आणि पाठ लाकडाची.

पहिल्यांदाच वेल्डिंग करतोय. थेट खुर्ची घ्यावी का?

आधी स्टूल करा. स्टुलावर माणसाचं वजन सरळ खाली पायांत उतरतं. खुर्चीत माणूस मागे रेलतो, आणि बैठक, पाठ आणि मागचा पाय जिथे भेटतात त्या सांध्याला तो पिळून काढतो. खुर्चीची सगळी कटकट त्या दोन सांध्यांत आहे. हात बसेपर्यंत स्टुलावर शिका. शिवाय वाकडं झालेलं स्टूल बाथरूममध्ये खपतं.

मापं कुठली धरायची?

बैठकीची उंची जमिनीपासून ४३० ते ४५० मिमी. आपलं जेवणाचं टेबल साधारण ७५० असतं, म्हणजे बैठक आणि टेबलाचा माथा यांत ३०० च्या आसपास अंतर राहतं आणि मांड्या आरामात आत जातात. बैठकीची खोली ४०० ते ४२०. रुंदी पुढे ४३०-४५०, मागे ४०० केली तरी चालते. बैठक पुढून मागे १५-२० मिमी उतरती ठेवा, नाहीतर माणूस घसरत पुढे येत राहतो. पाठ आणि बैठक यांतला कोन १०० ते १०५ अंश. पाठीची खालची पट्टी बैठकीपासून १८०-२२० मिमी वर येऊ द्या, कमरेला टेका तिथेच लागतो.

इंटरनेटवर सापडणारे परदेशी आराखडे बऱ्याचदा ४६०-४७० उंची आणि ४५० च्या पुढची खोली दाखवतात. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचे पाय अशा खुर्चीत अधांतरी राहतात आणि बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, १९९७ साली भारतीय शरीरमापांचा संच प्रसिद्ध केला तो याच गरजेतून. तो हाताशी नसेल तर सरळ घरातल्या माणसांची मापं घ्या. चप्पल घालून बसवा आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा.

दोन अपवाद. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी खुर्ची कमी उंचीची नको, उलट ४६०-४८० करा आणि बैठकीपासून २०० मिमीवर हात द्या. त्यांना बसण्यापेक्षा उठणं जड जातं. आणि घरात खुर्चीवरही मांडी घालून बसणारं कोणी असेल (असतंच), तर रुंदी ५०० च्या पुढे न्या आणि हात अजिबात लावू नका.

ड्रॉइंग किती काढायचं? कॉम्प्युटरवर काढावं लागतं का?

कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. पण बाजूने दिसणारी आकृती खऱ्या मापात, एकास एक, काढाच. हार्डबोर्डच्या शीटवर पेन्सिलने किंवा शेडच्या फरशीवर खडूने. मागचा पाय किती अंशात झुकतो, पाठ किती मागे जाते, बैठक किती उतरते, हे सगळं त्या एका आकृतीत ठरतं. समोरून आणि वरून दिसणारी आकृती नुसती रुंदी सांगते.

मग प्लायचे तुकडे, विटा, जुनी फळी, जे मिळेल त्याने तेच कोन उभे करा आणि बसा. पाच मिनिटं नको, पेपर वाचून होईपर्यंत बसा. प्लायखालची पाचर सरकवायला काही लागत नाही. वेल्ड झालेली पाठ दोन अंश मागे घ्यायची तर ग्राइंडरने सांधा कापावा लागतो, आणि त्या जागी पाइप पातळ होऊन बसतो.

पाय टेकण्याची जागाही इथेच तपासा. पाठीचं वरचं टोक जितकं मागे जातं, साधारण तितकाच मागचा पाय जमिनीवर मागे टेकला पाहिजे. तो फार आत राहिला तर खुर्ची दिसायला ऐटदार होते आणि रेलल्यावर मागे जाते.

पाइप कुठला आणि किती गेजचा?

२५ मिमी गोल, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडी. मापासाठी सांगायचं तर १४ गेज २ मिमी आणि १८ गेज १.२ मिमी.

'१९ मिमीचा १८ गेज घेतला तर? हलकी होईल.' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून हिशोबच मांडतो. माणूस रेलला की पाठीवर सहज ३० किलोचा जोर येतो, आणि तो सांध्यापासून साडेतीनशे मिमी वर. तो दोन बाजूंच्या पाइपांत वाटला तर एकेका पाइपवर सुमारे ५२ न्यूटन-मीटरचं वाकवणारं बळ. २५ × १.६ च्या पाइपमध्ये त्यामुळे जवळपास ८० मेगापास्कल ताण येतो. १९ × १.२ मध्ये तोच ताण १८५ च्या वर जातो. साधं एमएस २१० ते २५० च्या दरम्यान कायमचं वाकायला लागतं. म्हणजे बारीक पाइपची खुर्ची शांत बसणाऱ्याला पेलेल. पण घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मागच्या दोन पायांवर झुलायला लागला की संपलं. बारीक पाइप आवडतच असेल तर तो खालच्या आडव्या दांड्यांना वापरा.

मग भरीव सळईच का नको? ती जास्त मजबूत ना?

१२ मिमीची भरीव सळई मीटरला ०.८९ किलो भरते. २५ × १.६ चा पाइप मीटरला ०.९२ किलो. वजन जवळपास तेच, पण वाकण्याच्या बाबतीत पाइप सळईच्या पावणेचार पट ताकदीचा. वाकताना सगळा ताण बाहेरच्या कडेला येतो, मधलं लोखंड नुसतं ओझं वाहतं. सळईची खुर्ची करायचीच असेल तर जाळीसारखी, पुष्कळ सळया एकमेकींना बांधून करावी लागते. शिल्पकार-डिझायनर हॅरी बर्टोइया यांनी १९५० च्या सुमारास तशा खुर्च्या केल्या आणि त्या अजून बनतात. पहिल्या कामाला मात्र ते नको. सांधे मोजता मोजता जीव जाईल.

एका खुर्चीला किती पाइप लागतो? कुठे घ्यायचा?

मागचे दोन पाय पाठीसकट साधारण १.७ मीटर, पुढचे दोन ०.८५, बैठकीची चौकट १.६५, खालच्या आडव्या दांड्या ०.८ आणि पाठीच्या दोन पट्ट्यांसाठी ०.८. बेरीज ५.८ मीटर. वीस फुटी पाइप म्हणजे सहा मीटर, जेमतेम पुरतो. वजन सव्वापाच-साडेपाच किलो.

मुंबईकडच्यांना कळंबोलीचा लोखंड बाजार माहीत असतो, पण तिथे एका पाइपसाठी कोणी उभं करणार नाही. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे 'फर्निचर पाइप' मागा. सोबत कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) न्या. सोळा गेज सांगून दीड किंवा १.४ मिमी हातात पडणं रोजचं आहे. कॅलिपर नसेल तर पूर्ण पाइप काट्यावर टाका, साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे.

नळाचा जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप पडून आहे म्हणून तो वापरू नका. जस्ताचा धूर श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वापरायचाच तर सांध्याभोवतीचं जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा.

पाइप वाकवला की चपटा होतो. काय करू?

यात तीन गोष्टी आहेत: त्रिज्या, वाळू आणि शिवण.

त्रिज्या आधी. २५ मिमी पाइपला मधल्या रेषेवर १०० मिमीपेक्षा लहान त्रिज्या हाताच्या बेंडरवर (पाइप वाकवायच्या यंत्रावर) मागू नका. कारखान्यातलं मशीन पाइपच्या पोटात मँड्रेल, म्हणजे आतून आधार देणारा दांडा, घालून यापेक्षा घट्ट वाकवतं, आपलं तसं नसतं.

बेंडरची डाय (पाइप बसतो ती खाच) पाइपला तंतोतंत बसत नसेल तर वाळू भरा. नदीची बारीक वाळू चाळून, तव्यावर खडखडीत भाजून घ्या. एका टोकाला लाकडी बूच ठोका, पाइप उभा धरून लाकडी हातोडीने टपटप करत वाळू खाली बसवा, आणखी भरा, पुन्हा टपटप. आवाज पोकळवरून भरीव झाला की दुसरं बूच ठोका. वाळू ओली राहिली आणि तुम्ही गॅसने पाइप तापवला तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं सुटतं. म्हणून भाजायचा कंटाळा नको, आणि तापवताना बुचाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

आता शिवण. बाजारातला पाइप पत्र्याची पट्टी गुंडाळून, कडा जोडून केलेला असतो. आत बोट फिरवलं की ती रेघ लागते. वाकवताना ती रेघ वाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला नको, बाजूला ठेवा. तिथे ना ओढ ना दाब.

मापाचंही बघा. १०० त्रिज्येच्या काटकोनात मधल्या रेषेवर पाइप १५७ मिमी जातो. कोपरा सरळ धरून मोजलं तर १०० आणि १०० असे २०० होतात. म्हणजे एका वाकामागे ४३ मिमी पाइप वाचतो. हा हिशोब न करता पाइप कापला की एक पाय लांब होतो आणि मग सगळे जण बेंडरला शिव्या देतात. शिवाय वाकवून सोडल्यावर पाइप दोन-तीन अंश उलटा येतो, म्हणून ९० हवे असतील तर ९२-९३ पर्यंत न्या. आधी एका तुकड्यावर करून बघा.

बेंडर नाही. चौकोनी पाइप कापून जोडला तर?

चालेल. २५ × २५ चा १६ गेज घ्या, ४५ अंशात कापा, कडा घासून घ्या. खुर्ची थोडी जड आणि कोपरे टोकदार, इतकंच.

वेल्डिंग कुठलं? आर्क (रॉडचं) पुरेल का?

पुरेल. सीओटू (वायूच्या आवरणात तारेने करायचं वेल्डिंग) असेल तर काम सोपं, ०.८ मिमी तार लावा. आर्कने करायचं तर १.६ च्या पाइपवर दहा नंबरची रॉड लावू नका, भोक पडेल. बारा नंबर म्हणजे अडीच मिमी, ५५-७० अँपियरवर. त्यापेक्षा बारीक २ मिमी मिळाली तर आणखी बरं, ४०-५५ वर. उभ्या सांध्याला वरून खाली ओढा. घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर छोटं इन्व्हर्टर मशीन एवढ्यासाठी चालतं.

रॉडच्या आधी फिटिंग. गोल पाइपला गोल पाइप भिडवायचा तर टोक गोलाईत कोरलं पाहिजे. कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा, ग्राइंडरने कापा, अर्धगोल कानसीने साफ करा. पाइप पाइपला लागला की दिवा धरून बघा. फटीतून उजेड आला तर पुन्हा कानस. मोठी फट रॉडने भरायला गेलात की पाइपच वितळतो.

सगळं गुण्याने बघून जोडलं, तरी वेल्डिंगनंतर खुर्ची डुगडुगते. का?

कारण वेल्ड गार होताना आकसतो आणि पाइप आपल्याकडे ओढतो. सांधा एका बाजूने भरला की पाय त्या बाजूला येणार, तुमचा गुण्या कितीही खरा असो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोन्ही बाजूंच्या चौकटी जमिनीवरच्या आकृतीत, अँगलचे तुकडे ठोकून केलेल्या साच्यात, नुसत्या टॅकने, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी, जोडा. दुसरी चौकट पहिलीवर ठेवून जुळते का बघा. मग दोन्ही उभ्या करून आडव्या दांड्या टॅक करा. आता टेपने कर्ण मोजा: बैठकीचे दोन, समोरचे दोन, मागचे दोन. जोडीत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडा, या वेळी तोडणं सोपं असतं. सगळं जुळलं की थोडं इकडे, थोडं समोरच्या कोपऱ्यात, असं फिरत भरा. एक सांधा एका दमात पुरा करायचा नाही. पाय खालून एका तात्पुरत्या पट्टीने बांधून ठेवले तर ओढ निम्मी कमी होते.

एवढं करूनही थोडं डुगडुगलीच तर पाय कापत बसू नका. एक कापला की दुसरा लांब वाटतो, आणि शेवटी चौरंग उरतो. ज्या कर्णावर हलते त्या दोन पायांखाली ठोकळे घाला, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर हळूहळू जोर द्या. एमएस तेवढं ऐकतं. राहिलेला मिलिमीटर पायाच्या बुचात जिरतो.

पाठीचा सांधा तडकला. आणखी वेल्ड चढवू का?

नको. चीर बहुतेक वेल्डच्या कडेला, पाइपमध्ये असते, वेल्डमध्ये नाही. वर आणखी थर दिला की बाजूचा पाइप आणखी कडक आणि ठिसूळ होतो आणि चीर पुढे सरकते. चीर पूर्ण घासून काढा, भरा, आणि सांध्यात ३ मिमी पट्टीचा त्रिकोणी तुकडा लावा. नवीन खुर्ची करताना यापेक्षा चांगला उपाय आहे: मागचा पाय आणि पाठ एकाच अखंड पाइपची ठेवा. मग सर्वात जास्त ताणाच्या जागी वेल्ड फक्त बैठक धरून ठेवतो, पाठ पेलायचं काम पाइप करतो.

रंग ऑइल पेंट की पावडर कोटिंग?

पावडर. पण पाठवण्याआधी दोन्ही टोकं बंद असलेल्या प्रत्येक पाइपला खालच्या अंगाने ५ मिमीचं भोक पाडा. कोटिंगवाला आधी माल आम्लाच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांत बुडवतो. ते पाणी वेल्डच्या सुईएवढ्या भोकातून आत शिरतं आणि नंतर महिनोन्महिने ओघळत रंग फोडतं. भट्टी १८०-२०० अंशांची असते, आतली कोंडलेली हवाही बाहेर यायला वाट हवी. 'सेव्हन टँक', म्हणजे सात टाक्यांत धुण्याची पूर्ण प्रक्रिया, करता का, हे विचारून घ्या. नुसतं कापडाने पुसून पावडर मारणारेही आहेत.

घरी रंगवायचं तर रॉकेलने नाही, थिनरने तेल काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, मग इनॅमलचे दोन.

आम्ही कोकणात राहतो. दोन पावसाळ्यांत पाय गंजतात.

बहुतेक ते खालूनच गंजतात. लादी पुसताना पाणी रबरी बुचात शिरतं आणि तिथेच बसून राहतं. पायाचं टोक चकती वेल्ड करून बंद करा, हवेसाठी भोक वर लपलेल्या जागी ठेवा आणि चकतीखाली नायलॉनची गोटी लावा. समुद्रालगत अंगणात ठेवायची असेल तर २ मिमी पाइप घेऊन हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणं) करा. तिथे भोकं विसरलात तर बंद पाइप ४५० अंशांच्या जस्तात फुटू शकतो, त्यामुळे तो माणूसच तुम्हाला परत पाठवेल.

स्टेनलेसची केली तर? दुकानदार लोहचुंबक लावून '३०४ आहे' म्हणतो.

लोहचुंबकाला २०२ पण चिकटत नाही आणि ३०४ पण चिकटत नाही. त्या खेळाला अर्थ नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. घरात २०२ चालतं, समुद्रकाठी नको.

रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. बटाट्याची चकती ठेवू का?

गार वाटेल, बरं होणार नाही. आर्कच्या उजेडाने बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून काम करताना कळत नाही. डोळे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी १० नंबरची काच असलेला हेल्मेट, आणि शेजारी बघत उभ्या असलेल्या पोराला आधी बाहेर काढा. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्याला आमच्या शेडमध्ये जागा नाही. ओढणी, मफलर, सुटं उपरणं तर नाहीच.

पाइपची खुर्ची ही कल्पना मुळात कुणाची?

मार्सेल ब्रॉयर यांची, जर्मनीतल्या डेसाऊच्या बाउहाउस या कला-डिझाइन शाळेत, १९२५-२६. सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून त्यांना सुचलं. लगोलग डच वास्तुरचनाकार मार्ट स्टाम यांनी गॅसच्या पाइपचे तुकडे जोडून मागचे पायच नसलेल्या खुर्चीचा नमुना केला आणि १९२७ च्या स्टुटगार्टच्या प्रदर्शनात ती मांडली. पुढे हक्कावरून कोर्टबाजी झाली आणि १९३२ साली निकाल स्टाम यांच्या बाजूने लागला. पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये दिसते ती पत्र्याची, एकावर एक रचता येणारी खुर्ची फ्रान्सच्या झाविए पोशार यांच्या १९३४ च्या नमुन्याची नक्कल.

आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि आत युरोपातलं सर्वात नवं धातूचं फर्निचर भरलं. संस्थानिकांच्या वाड्यात शिसवी नक्षीकाम असायचं त्या काळात!

ती मागचे पाय नसलेली खुर्ची आपल्याला जमेल?

दुसरी-तिसरी खुर्ची म्हणून हो. पाइप अखंड लागतो, जाडी २ मिमीच्या खाली नको, आणि वाकाच्या जागी वेल्ड चालत नाही. ती लवतेच, लवणं हाच तिचा आराम आहे. पहिल्यांदा बसणारा दचकतो.

बसायला देण्याआधी तपासायची कशी?

बैठकीवर सिमेंटच्या दोन गोण्या, म्हणजे शंभर किलो, रात्रभर ठेवा. सकाळी कर्ण पुन्हा मोजा. मग पुढचे पाय क्लॅम्पने टेबलाला किंवा जड पाटाला बांधा, पाठीच्या वरच्या पट्टीला दोरी आणि दोरीला लटकवायचा वजनकाटा लावून ३० किलोपर्यंत मागे ओढा. सोडा, पुन्हा ओढा, असं पुष्कळदा करा. पाठ मूळ जागी परत यायला हवी. दोन मिमी जरी मागे राहिली तरी कुठेतरी पाइप वाकलाय. हे सगळं रंगाच्या आधी, म्हणजे सांध्यातली केसाएवढी चीरही दिसते.

खर्च किती येतो? बाजारातून स्वस्त मिळेल ना?

स्वस्त मिळेल. लोखंडाचा भाव रोज बदलतो, त्यामुळे साडेपाच किलोला त्या दिवशीचा दर लावा, त्यात पावडर कोटिंग, लाकूड, स्क्रू, डिस्का आणि रॉड धरा. तुमचे रविवार धरू नका.

एक जमली. आता सहा करायच्या आहेत.

मग पहिली खुर्ची रंगवायला पाठवू नका, तिच्यावरून साचा करा. जाड पत्र्यावर किंवा दोन चॅनेलवर तिची बाजूची चौकट आडवी ठेवून प्रत्येक पाइपच्या दोन्ही अंगांना अँगलचे तुकडे वेल्ड करा. पाइप आत बसेल आणि वेल्डनंतर उचलताही येईल, इतकी जागा सोडा, अर्धा मिमी पुरे. सहाही खुर्च्यांचे एका नावाचे तुकडे एकाच वेळी, कटरवर थांबा लावून कापा आणि खडूने नंबर टाका. वाकवायचे पाइप मात्र एकाच गठ्ठ्यातले घ्या, वेगवेगळ्या मालाचा उलटा येण्याचा अंश वेगळा असतो आणि मग साच्यात एकही नीट बसत नाही.